हुइल म्हणजे शीड

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पार्रीसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती गेथिन, आणि एवढं छान ऊन सोडून चॅपेलच्या या सभागृहात जमलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

गेथिनबद्दल चार शब्द बोल, असं मला सांगितलंय. चारच बोलायचे तर सोपं आहे. आला, गोड बोलला, चालला. हसू नका पार्रीसाहेब, समितीत तुम्हीही होता.

आठ वर्षांपूर्वी हा कार्डिफहून आला. म्हणाला, नाटक रंगमंचावर नको, जागेवरच करू. जुन्या जकातघराच्या खिडकीत खलाशाची बायको वाट बघत बसेल आणि लोक धक्क्यावर उभं राहून तिला बघतील. आपल्या गावात धंद्यावरून नाव पडतं; माझी तेव्हा बेकरी होती, म्हणून मी मारेद पाव. मला म्हणाला, "मारेदमावशी, एकच आठवडा."

मूळ शेवट कुणाला आठवतोय का? दूरवर होडी दिसली की मी "हुइल" म्हणून ओरडायचं, मग नवरा येणार, दार ठोठावणार आणि मी बाहेर पडणार. पहिल्या दिवशी मी ओरडले. मला म्हणायचं होतं शीड. पण आपल्या वेल्शमध्ये निरोपालाही हुइलच म्हणतात ना. तुम्ही सगळ्यांनी हात हलवले, "हुइल, मारेद" म्हणालात आणि चहाला निघून गेलात. नवरा झालेला बिचारा इवान होडीतच राहिला. गेथिनला तो शेवट इतका आवडला, की दुसऱ्या दिवसापासून त्याने नवराच कापला. दार बंद ते बंदच.

एका आठवड्याची आठ वर्षं झाली, दर मोसमात रोज दुपारी मी तिथे; तेव्हापासून मी मारेद खिडकी. माझ्या थडग्यावरही तुम्ही तेच कोराल.

त्या खिडकीतून खाडीपलीकडे माझ्या बहिणीचं, नेस्ताचं घर दिसतं. बसने तासाभराचा रस्ता. दर वर्षी मी तिला म्हणते, मोसम संपला की येते. मग वादळं येतात, मग गुडघे दुखतात. आता तिची नजर चाललीय. परवा फोनवर म्हणाली, "तुझा चेहरा दिसतोय तोवर ये गं. आवाज काय, फोनवरही ऐकते." मला रडू आलं. आणि तरी त्या दुपारी मी जाऊन खिडकीत बसले. याला काय म्हणावं?

आज गेथिनला निरोपाचा, मानाचा कोरीव लाकडी चमचा मिळाला आणि मला जकातघराची किल्ली. मारेद आहे तोवर खिडकी चालू राहील, असं आत्ताच जाहीर झालं. मारेदला कुणी विचारलं होतं?

गेथिन, बाळा, तुझ्यावर राग थोडा, स्वतःवर जास्त. त्या दाराची कडी आतूनच आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

समितीचे आणि पहाटे उठून आपला मनुकांचा पाव, बाराब्रीथ, भाजणाऱ्या बायकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. किल्ली इथे टेबलावर ठेवतेय. माझी साडेचारची बस आहे.

हुइल. अहो, समुद्राकडे काय बघताय, शीड नाहीये. आणि उठूही नका. आज तुम्ही बसा, मी निघते.