घटाची माती

मंडळी, टाळ जरा थांबवा! एक प्रश्न विचारतो — उत्तर मनात द्या, शेजारणीकडे बघू नका! जे काम आपले हात दरवर्षी करतात, त्याच कामाला आपलं तोंड "मला नाही बाई येत" असं का म्हणतं? हं? ऐका तर!

शहरात एक सोसायटी. वर मोठी गच्ची — आणि गच्चीला कुलूप! तिथं लेकाकडे राहायला आल्या द्वारकाबाई. गावचं घर रस्ता रुंद करताना गेलं, मागचं परसही गेलं. येताना त्यांनी काय आणलं? दागिने? छे हो! एका चिंधीत राखेत घोळवलेलं पावट्याचं बी — आईच्या परसातलं!

रोज दुपारी चिंधी सोडायच्या, दाणे चाळायच्या. डोळ्यांपुढं तो कुडावर चढलेला वेल, शेंगा तोडताना हाताला लागणारा तो वास, आणि चुलीपाशी बसून हाक मारणारी आई — "द्वारके, शेंगा आण गं!" पण जिवाला घोर होता तो वेगळाच! बी एक वर्ष झोपतं, दोन वर्षं झोपतं, मग उठतच नाही. यंदा मातीत गेलं नाही, तर आईचा वेल संपला!

मग बाई सोसायटीच्या सभेत गेल्या. "गच्चीवर भाजी लावू या का?" चेअरमन टिपणीस साहेब म्हणाले, "अहो बाई, आम्ही नोकरदार माणसं! निम्म्या घरांची तयारी असेल तर कुलूप काढतो." हात किती वर झाले? एकच — द्वारकाबाईंचा! बाकीचे म्हणाले, "आम्हांला शेती कुठली येते!" बाई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या.

मग आलं नवरात्र. कुंकवाला घरोघर गेल्या, तर काय! प्रत्येक घरी घट, आणि घटाभोवती हिरवंगार धान! खालच्या मजल्यावरच्या नंदिनीला विचारलं, "हे कुणी पेरलं गं?"

"मीच की, मावशी! माती चाळली, धान्य भिजवलं. पाणी बेतानंच घालते, नाहीतर कुजतं ना!"

"आणि सभेत काय म्हणालीस?"

"ते शेतीचं हो! हा तर घट!"

हसताय? हसा! तुमच्याही देव्हाऱ्यात शेतच आहे!

दसरा झाला. धान टोपीत खोचलं, घट हलले. आता माती? देवीची माती कचऱ्यात टाकवत नाही, आणि नदी लांब! द्वारकाबाई दारोदार फिरल्या. "टाकू नका गं. वर आणा. देवी उगवली, ती इथंच राहू दे."

जिन्यात बायका-पुरुष पत्रावळी घेऊन उभे, आणि वर कुलूप! तेवढ्यात टिपणीस साहेब आले. सगळ्यांना वाटलं, आता ओरडणार! पण साहेबांच्याही हातात घटाच्या मातीची परात — आई गेल्यापासून घट तेच बसवायचे. खिशातून किल्ली काढली आणि हळूच म्हणाले, "आमच्या आईचा भोपळ्याचा मांडव होता हो दारात... द्वारकाबाई, ही माती कुठं ओतू?"

घराघरातली माती एका वाफ्यात पडली. बाईंनी चिंधी सोडली. सगळं बी उठलं का? नाही हो! बरंचसं निजलं ते निजलंच. तीनच वेल वर आले. पण त्या तीन वेलांना पाणी घालायला आख्खी इमारत भांडायला लागली!

भोगीला घरोघरच्या भाजीत त्या वेलांचे दाणे पडले. त्या सकाळीच द्वारकाबाईंनी पहिली शेंग तोडली, हात नाकाशी नेला — तोच वास! पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आई, आणल्या गं शेंगा!"

माउली, आता मला सांगा — तुमच्याकडे घट बसतो ना? धान उगवतं ना? मग दसऱ्याला ती माती घेऊन तुम्ही कुठं जाता?