टोपणावरचा शेंदूर

केरबा : आप्पासो, फिल्टर साफ केला, पाइप फुकला, हवेची जाळी धुऊन बशीवली. मोकळा पळवला की ट्रॅक्टर झकास चालतोय. मागं कुळव लावला की धा मिन्टात बसतोय. आता मला येक सांगा, बंद पडल्यावर तुमी काय करता?

आप्पासो : काय करतोय? शिव्या घालतोय.

केरबा : त्या समद्या गावानं ऐकल्यात. त्याच्या फुडं?

आप्पासो : टाकीचं टोपण काढून बगतोय, डिझेल हाय का. असतंय की निम्मी टाकी! टोपण लावतोय, हँडल मारतोय, लगीच चालू. द्राक्षाच्या दोन वळी झाल्या की परत मेलं.

केरबा : दर बारीला टोपण काढल्यावरच चालू हुतोय?

आप्पासो : तू मिस्त्री हायस का वकील? दुखणं मी सांगतो. मानसिंगानं ह्यात राकेल मिसाळलं हुतं. तवापास्नं ह्याच्या पोटात बिघाड हाय.

केरबा : आवं, तुमचा मानसिंग घर सोडून सा वर्सं झाली. त्या राकेलचा वास तरी ऱ्हायला असंल का आता?

हरणाबाई : च्या घ्या, केरबाभाऊ. आन माझ्या पोरानं राकेल कवाच घातलं न्हवतं.

आप्पासो : तू गप. इंजनातलं तुला काय कळतंय?

हरणाबाई : इंजनातलं न्हाई बोलत. पोराचं बोलते.

केरबा : थांबा, वैनी. आप्पासो, कान हिकडं करा. टोपण उघाडतोय हां... ऐकलं? सुस्स झालं. टाकीनं वारं आत वडलं. वारं जायला टोपणाला बारीक भोक असतंय, तेच बुजलंय. मग डिझेल खाली उतरतंय कसं? मोकळं पळताना थोडक्यात भागतंय, वझं आलं की उपाशी मरतंय बिचारं. पर भोक गेलं कुठं? हितं तर बोटभर शेंदूर हाय!

आप्पासो : खंडेनवमीचा हाय त्यो. नांगर, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, समद्यांची पूजा मी माझ्या हातानं करतो. टोपण म्हंजी ट्रॅक्टरचं डोस्कं, म्हून तितं जरा जास्तच लावतो.

केरबा : तेलात कालवून कालवून दगूड झालाय ह्याचा. खरवडतो.

आप्पासो : ए! शेंदराला चाकू लावायचा न्हाई!

हरणाबाई : ह्येच. अगदी ह्येच वरडला हुतासा तवा.

केरबा : कुणावर?

हरणाबाई : मानसिंगावर. दुष्काळाच्या सालातली गोष्ट. चाकू घिऊन टोपणापाशी बसला हुता. म्हनला, आबा, ह्याचा दम कोंडतोय, जरा खरवडतो. ह्यांनी कानफटात हाणली त्येच्या. नवी नवरी दारात हुबी. तसाच उठला आन बायकूला घिऊन कोयनेला गेला. शेंदरापायी पोरगं हाकललं म्हनायची लाज वाटली, मग गावात राकेलचं सांगत सुटलं ह्ये.

आप्पासो : त्यो काय बोलला ते बी सांग की!

हरणाबाई : तुमीच सांगा.

आप्पासो : म्हनला, देव काय भोक बुजवा म्हनत न्हाई.

केरबा : मग? चूक काय बोलला?

आप्पासो : बापाला असं बोलत्यात व्हय, केरबा? चार मानसांत?

केरबा : ते तुमचं तुमी बगा. मला येवढंच सांगा, खरवडू, का उद्यापास्नं कुळवाला बैलं जुपताय?

आप्पासो : दे त्यो चाकू हिकडं. शेंदूर माझा हाय, मीच काढतो.

केरबा : हळू. पत्रा पातळ हाय.

आप्पासो : थरावर थर चढलाय मेला. निगाला बग, पापुद्रा निगाला... केरबा, ही खाली रेघ कसली रं?

केरबा : बगू? चाकूची हाय. जुनी. वरनं शेंदूर लिंपलाय तुमी. आन ह्ये बगा भोक, रेघंच्या फुडं गव्हाएवढ्या अंतरावर. आजून इतका चाकू सरकला असता तर तवाच मोकळं झालं असतं.

हरणाबाई : अगं आई.

केरबा : तारेनं साफ केलं बगा. मी कुळव लावून बागंत दोन चकरा मारून येतो.

(केरबा ट्रॅक्टर घेऊन बागेत जातो. दोघं बांधावर उभी.)

आप्पासो : धा मिन्टं झाली?

हरणाबाई : कवाच.

आप्पासो : आता आंब्यापाशी बसंल. तितंच बसतोय दर बारीला.

हरणाबाई : गेला आंब्याच्या फुडं.

आप्पासो : चढाला बसंल मग.

हरणाबाई : चढला. वळला बी.

आप्पासो : बंद पड, रं. येकदा तरी बंद पड!

हरणाबाई : आवं, आसं काय बोलतायसा?

आप्पासो : त्यो न्हाई बंद पडला तर मी कुठं तोंड दावू, हरणा? पोराचा चाकू बरूबर जागी हुता. हाणायच्या आदी मी घटकाभर बगत बसलो असतो तर काय बिगाडलं असतं? पोरानं इंजन मारलं म्हनत गावभर फिरलो. त्याच्या घरात पाळणा हालला का न्हाई ते बी कवा इचारलं न्हाई मी.

हरणाबाई : हालला. पोरगी हाय. पाच वर्सांची.

आप्पासो : नात हाय मला? तुला कुणी सांगितलं?

हरणाबाई : बनुबाई येती की कोयनेवरनं म्हायेराला. तिला इचारते मी चोरून.

आप्पासो : नाव काय ठेवलंय?

हरणाबाई : ते तुमी पोराच्याच तोंडनं ऐका.

आप्पासो : ...कोयनेची गाडी कवा असती गं?

हरणाबाई : सकाळी सव्वासातला कराडची. तितनं साडेधाला कोयनेची. सा वर्सं पाठ हाय मला.