वहिनींचा दुसरा पंप

सुट्या भागांच्या दुकानात रांग होती. स्कूटरची केबल घ्यायला आलेल्या शिंपिणीच्या पुढेच वहिनी-दिरांची जुंपली होती. वहिनींच्या हातात काळाठिक्कर पडलेला फ्युएल पंप होता.

"दादा गेला, वहिनी. दोन सीटांची ती विलायती स्पोर्ट्‌स कार आता कुणासाठी ठेवायची? उद्या गिऱ्हाईक येतंय."

"चालू झाली तर विकायची नाही, हे तुम्हीच कबूल केलंत, भाऊजी."

"चालू कसली होतेय! नवाकोरा पंप जाळलात तुम्ही."

"जाळला. इतर गाड्यांसारख्या तारा जोडल्या. ह्या म्हातारीत बॅटरीचं अधिक टोक बॉडीला लागतं, तेच विसरले. तिचं सगळं उलटं."

"मालकिणीसारखं!"

"म्हणून तर पटतं आमचं. अहो दुकानदार, उलट्या जोडणीचा पंप द्या."

"मेकॅनिक पाठवू का, ताई?"

"नको. हे गाडीखाली शिरायचे तेव्हा मी टॉर्च धरायची. आता टॉर्च दातांत धरीन."

"आणि हाही जळला तर?"

"तिसरा आणीन. तारा द्या हो इकडे, इथंच लावून बघते."

दुकानदाराने काढून दिलेल्या पंपाच्या तारा वहिनींनी स्वतः काउंटरवरच्या बॅटरीला लावल्या. टक्‌, टक्‌, टक्‌. नवा पंप चालू झाला.

"ऐकलंत, भाऊजी? आधी हा बोलायचा, मग गाडी, मग तुमचे दादा."

दिरांनी खिशातून फोन काढला.

"गिऱ्हाईकाला काय सांगू मग?"

"सांगा, मालकीण गाडी घेऊन फिरायला गेलीय. आणि भाऊजी, तुम्ही लवकर आलात, तर एक सीट रिकामी आहे."