‘काही नाही’ म्हणायचा नियम

ठाणे टेकडीपुरा, जिल्हा अमरावती. तारीख १५ जानेवारी १९४३, शुक्रवार, सकाळी साडेदहा.

नाव सिंधू मोरोपंत वडनेरकर. वय ६१. अविवाहित. धंदा : पूर्वी सरकारी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका, सन १९३७ पासून पेन्शनर. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. राहणार अंबापेठ, अमरावती.

मी आपण होऊन ठाण्यावर आले आहे. मला कोणी बोलावले नाही. ठाणेदार वामनराव यांच्यासमोर बसून सांगते ते असे. जमादार ओमप्रकाश लिहून घेत आहेत. मी सांगेन तेच शब्द लिहावेत, मध्ये आपले घालू नयेत, असे मी त्यांना सुरुवातीलाच सांगितले आहे.

१. वडाळी तलावामागच्या टेकडीवर ता. ४ रोजी आपल्या शिपायांनी पत्र्याचा जो बिस्किटांचा डबा जप्त केला, तो माझा आहे. त्यात निघालेली वही, शाईची गादी आणि पोस्टकार्ड ही चोरीची किंवा कटाची चीजवस्तू नाही. तो एक छंद आहे. छंदाला जप्तीपंचनामा लागतो हे मला या वयात कळले.

२. छंदाची हकीकत विचारल्यावरून सांगते. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टर अॅग्नेस शिकवीत. त्यांच्या गावाकडे मोठे ओसाड माळरान होते. तिथे लोक खडकाखाली डबा लपवीत. जो शोधील त्याने आत आपल्या नावाचे पोस्टकार्ड ठेवायचे, आधीच्याचे कार्ड काढून घ्यायचे आणि आपल्या गावच्या टपालपेटीत टाकायचे. कार्ड घरी परत आले की समजायचे, कोणीतरी जाऊन आले. पुढे वहीत ज्याचा त्याचा ठसा उठवण्याची रीत आली. मी नोकरीतून सुटल्यावर आम्ही पाच जणींनी हा डबा ठेवला. त्यांपैकी दोघी वारल्या. एक लेकीकडे जबलपूरला गेली. राहिलो मी आणि अकोल्याची चारुशीला सरनाईक.

३. वहीतले घुबड माझे आहे. शाळेतल्या मुली मला मागे घुबड म्हणत. मला ते माहीत होते, म्हणून सुताराकडून सागवानी ठसा तोच करून घेतला. ठसा सोबत आणला आहे. ठाणेदारांसमोर कोऱ्या कागदावर उठवून दाखवला. वहीशी जुळतो. शंखाचा ठसा चारुशीलेचा. “बोरीपासून सत्तावीस पावले, पाठ तलावाकडे” हा मजकूर बाँब पुरल्याचा नसून डबा कुठे आहे त्याचा आहे. पोस्टकार्डावरच्या “गुडघा दुखतो, तरी आले” या वाक्यात गुडघा म्हणजे गुडघाच.

४. हे कार्ड ठाण्यात तिघांनी मोठ्याने वाचून हसल्याचे मी बाकावर बसले असताना ऐकले. आमच्यात दुसऱ्याचे कार्ड उलटून वाचत नाहीत. पत्ता पाहायचा आणि पेटीत टाकायचे. ही शिस्त ठाण्याला लागू नाही हे मला समजते. तरी लिहून घ्यावे.

५. आता अटकेतला इसम नत्थुजी याच्याविषयी. हा टेकडीवर गवत कापतो आणि भारे शहरात विकतो. त्याची माझी ओळख सन १९४० च्या दिवाळीनंतरची. डबा उघडला तर आत एक पिकलेले सीताफळ आणि शेकडो मुंग्या. वहीचा कोपरा खराब झालेला. मी पुढचे दोन दिवस सकाळी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी हा विळा घेऊन आला.

मी विचारले, “हे फळ तुम्ही ठेवलं?”

तो म्हणाला, “हो जी. तुमी बाया काई ना काई ठेवता. मंग मी रिकाम्या हातानं कसा पाहू?”

“मुंग्या लागतात. खाण्याचं काही ठेवायचं नाही.”

“मंग काय ठेवू? मले तं लिवता येत नाई.”

मी म्हणाले, “अंगठा ठेवा.” गादी पुढे केली. वहीतला पहिला अंगठा त्या दिवसाचा आहे. एकूण चौदा अंगठे आहेत, सगळे त्याच्या उजव्या हाताचे. ठाणेदारांनी त्यास टोळीच्या हजेरीपटाची खूण मानले आहे. अंगठा लावण्याची कल्पना माझी होती.

६. डबा लपवण्याची पद्धत सराईत गुन्हेगाराची वाटते असे पंचनाम्यात असल्याचे मला सांगण्यात आले. खरे आहे. ती आम्हाला नत्थुजीने शिकवली. आम्ही पाच जणी मॅट्रिकच्या वर शिकलेल्या, आणि धोंडा उलटा ठेवून येत होतो. त्याने सांगितले, “बाई, धोंड्याचं हे पांढरं बुरशीचं अंग वर पायजे. काळं अंग वर दिसलं की कोनालेबी समजते, कोनं तरी हालवला.” निघताना दबलेले गवत काठीने उभे करायचे, हेही त्याचेच. त्यात गुन्हा असेल तर तो नीटनेटकेपणाचा आहे.

७. ता. ४ रोजी शिपायांनी “क्या कर रहा है?” असे विचारले असता तो “काई नाई” म्हणाला आणि त्यानंतर आजवर दुसरे काही बोललेला नाही, म्हणून त्याच्यावर संशय बळावला, असे ठाणेदार म्हणतात. याचा खुलासा मीच करू शकते. आमचा नियम असा की डब्याजवळ असताना परका माणूस आला तर डब्याकडे पाहायचे नाही. चपलेचा अंगठा नीट करावा, पाखरे पाहावीत. विचारले तर ‘काही नाही’ म्हणावे. जागा सांगायची नाही आणि दुसऱ्याचे नाव तर मुळीच सांगायचे नाही. हा नियम मी त्याला पहिल्या अंगठ्याच्या दिवशीच सांगितला. तेव्हाचे बोलणे मला जसेच्या तसे आठवते.

तो म्हणाला, “पाटलानं इचारलं तं?”

“काही नाही म्हणायचं.”

“अन् सायबानं इचारलं तं?”

“काही नाही.”

“अन् वर गेल्यावर देवानं इचारलं तं, बाई?”

“त्यालाही काही नाहीच म्हणायचं.”

तो हसला. मीही हसले. मी हे थट्टेने म्हणाले होते. थट्टेने, हा शब्द जमादारांनी गाळला होता. तो पुन्हा घालण्यास सांगितले. मी चौतीस वर्षे मुली शिकवल्या. माझा एकही नियम इतका पाळला गेल्याचे मला स्मरत नाही.

८. एवढी माहिती असताना अकरा दिवस कुठे होतात, असे ठाणेदारांनी विचारले. प्रश्न योग्य आहे. तारखा देते.

ता. ६, बुधवार, सकाळी आठच्या सुमारास नत्थुजीची बायको मैनाबाई माझ्या घरी आली. ओसरीवर ये म्हटले तरी आली नाही, पायरीपाशी उभी राहिली. म्हणाली, “बाई, माह्या मानसाले नेलं. तुमच्या डब्यापायी नेलं. त्यानं मले मना केलं होतं, मैने, बाईच्या घरी जाऊ नको, त्याहीचं नाव घेऊ नको. तरी मी आली. तुमी जाऊन सांगा ना. तुमचं आयकतीन ते.”

मी म्हणाले, “मी पाहते.”

ती म्हणाली, “कदी पाहान?”

ती गेली. ता. ७, ८ आणि ९ रोजी मी घरीच होते. प्रकृती ठीक होती.

कारण विचारल्यावरून सांगते. ऑगस्टपासून कोणाला कशासाठी उचलतील याचा नेम नाही. माझे पेन्शन सरकारी आहे. शिवाय साठी उलटलेली मुख्याध्यापिका डोंगरावर डबे लपवते, हे गावात कळले तर लोक काय म्हणतील, हाही विचार मी केला. दोन्ही कारणे लिहावीत. दुसरे पहिल्यापेक्षा लहान नव्हते.

९. डब्यात सापडलेले पोस्टकार्ड चारुशीलेचे, त्यावर तिचा अकोल्याचा पत्ता. माझे कार्ड तिने आधीच काढून टपालात टाकले होते, ते मला नोव्हेंबरात मिळाले. म्हणून पोलीस तिच्याकडे गेले आणि माझ्याकडे आले नाहीत. ती खुलासा करील अशी माझी समजूत होती. ता. १० रोजी रविवारी मी बडनेऱ्याहून गाडीने अकोल्यास गेले. चारुशीला घरात होती. तिचा मुलगा उद्धव नायब तहसीलदार आहे, तोही आतल्या खोलीत होता, पण बाहेर आला नाही. त्याचा खोकला ऐकू येत होता.

मी विचारले, “पोलिसांना तू काय सांगितलंस?”

ती म्हणाली, “हेच की कार्ड माझं नाही. कोणीतरी माझा पत्ता घातला.”

“अक्षर तुझं आहे.”

“माझ्यासारखं अक्षर अर्ध्या अकोल्याचं आहे. सिंधू, उद्धवला बढती यायची आहे. एका गवतकाप्यासाठी पोराचं नुकसान करू?”

“त्या गवतकाप्याने पावसाळाभर तुझ्या शंखाला ओल लागू दिली नाही. स्वतःच्या खांद्यावरचं मेणकापड काढून डब्याला गुंडाळलं.”

“तू गेलीस का ठाण्यावर?”

मी उठून पिशवी उचलली.

ती म्हणाली, “मग? मला एकटीला कशाला ऐकवतेस? पोहे केलेत, खाऊन जा.”

मी खाल्ले नाहीत. साडेतीनच्या गाडीने परत आले. तिने विचारलेला प्रश्न बरोबर होता, त्यामुळे त्यानंतरचे पाच दिवस मला तिच्यावर राग धरण्यात घालवता आले नाहीत. तरी मी पाच दिवस घालवले. काल संध्याकाळी मैनाबाई पुन्हा आली. नवऱ्यासाठी नेलेली भाकरी ठाण्यातून परत आली होती, ती तिच्या हातात होती. आज मी आले.

१०. वरील हकीकत सांगितल्यावर ठाणेदार म्हणाले, “बाई, तुमचा ठसा तुमचा असेल. हा माणूस तुमच्यातला कशावरून? त्याने तुमचं नाव घेतलेलं नाही.” मी म्हणाले, “त्याला समोर आणा. विचारा.” दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी त्याला आणले. त्यास मी ता. ४ च्या आधी डिसेंबरात शहरात भारे विकताना पाहिले होते. तेव्हा तो सरळ चालत होता.

ठाणेदारांनी त्याला विचारले, “या बाईला ओळखतोस?”

नत्थुजीने माझ्याकडे पाहिले नाही. खिडकीबाहेर पाहिले. बाहेर कडुलिंबावर कावळा होता. म्हणाला, “नाई जी. या बाईले मी कदीच पाह्यलं नाई.”

मी म्हणाले, “नत्थुजी, मी सगळं सांगितलं आहे. आता सांगा. नियम संपला.”

तो कावळ्याकडेच पाहत राहिला.

ठाणेदारांनी टेबलावरचा डबा पुढे सरकवून विचारले, “मग यात काय आहे?”

तो म्हणाला, “काई नाई.”

मी उठून पुन्हा म्हणाले, “अहो, ती थट्टा होती.” जमादार ओमप्रकाश म्हणाले, “बैठिये बाईजी, मुलजिम से बात मना है.” मी बसले.

११. ठाणेदारांचे म्हणणे असे की आरोपीने ओळख नाकारली, कार्डाच्या मालकिणीने कार्ड नाकारले, तेव्हा माझा जबाब दयेपोटी दिलेला दिसतो. तो कागदपत्रांत सामील होईल, परंतु सोमवारी आरोपीस हजर करताना त्याचा फारसा उपयोग होणार नाही. मी ता. ६ किंवा ७ रोजी आले असते तर पाहता आले असते. हे त्यांनी सौजन्याने सांगितले.

१२. ओळख नाकारल्याच्या कागदावर नत्थुजीचा अंगठा घेण्यात आला. डाव्या हाताचा घेतला. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती आणि ती ओली होती. कशाने झाले असे मी विचारले. तो कोठडीत पाय घसरून पडला असे ठाणेदारांनी सांगितले. पडणारा माणूस एकाच अंगठ्यावर कसा पडतो, हे मी विचारले. हा परिच्छेद जमादार लिहीत नव्हते. तो मी माझ्या हाताने लिहिला आहे.

१३. नत्थुजीस माझा निरोप आहे की त्याने माझे नाव घ्यावे. हा निरोप पोचवण्याचे ठाण्यातल्या कोणी कबूल केलेले नाही. मैनाबाई फाटकाबाहेर बसली आहे. तिला काय सांगायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

एवढा जबाब जमादारांनी मला वाचून दाखवला, आणि मला वाचता येत असल्याने मी तो स्वतःही वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मागाहून मी यातले काही नाकारणार नाही, ते काम अकोल्यास झालेले आहे. माथ्यावरची तारीख पंधरा आहे. तीही बरोबर आहे.

सही : सिंधू मोरोपंत वडनेरकर
समक्ष : वामनराव, ठाणेदार
लेखनिक : ओमप्रकाश, जमादार (परिच्छेद १२ वगळून)