छपराखालचा समुद्र

...अहो, समुद्रच दाखवायचा होता तर इथे मतरा बंदरात काय तो आटला होता? तुम्हाला सांगतो, जन्म रत्नागिरीच्या खाडीवर, उभी उमर मस्कतच्या किनाऱ्यावर, आणि आमचे जावई झैनमियाँ मला विमानात घालून पार कॅनडात, एडमंटनला नेऊन काय दाखवतात, तर मॉलमधला समुद्र. वर छप्पर, खाली फरशी, बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत माणसं चड्डीवर... बघण्यासारखं आहे हां, मी नाही म्हणत नाही.

पण मी गेलो होतो कशाला? नातीसाठी. आमच्या अफशाची तूबा. फोनवर दिवसरात्र "नाना, नाना", आणि समोर गेलो तर आईच्या मागे लपली. म्हटलं, घरी बसू, येईल हळूहळू मांडीवर. पण जावई बसू देतील तर ना. "अब्बा, उठा, अजून खूप बघायचंय." नदीवरचा पूल बघा, काचेची घरं बघा... त्या काचेच्या घरात हीटर लावून काय जपलंय, तर खजुरीचं झाड. मस्कतच्या माणसाला. बघण्यासारखं आहे, मी नाही म्हणत नाही, पण पोर गाडीत खिडकीला चिकटलेली ती चिकटलेलीच.

मग हा समुद्र. मी पँट दुमडून खुर्चीवर, तूबा पाण्याच्या कडेला, आणि एकदम भोंगा. आता भोंगा म्हटल्यावर माणूस काय करेल? आदल्या साली मस्कतला गोनूचं वादळ आलं तेव्हा वादी अदाईत, आमच्या वस्तीत, पाणी जिन्यावर चढलेलं, आणि इथे बघतो तर भोंगा झाला नि सगळा गाव पाण्याकडेच धावतोय. मी तूबाला काखोटीला मारली, शेजारचं एक गोरं पोर दुसऱ्या काखेत, आणि "वर चला, वर चला" करत सुटलो तो थेट आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत. मागून जावई, "अब्बा, भोंगा लाट सोडण्याचा आहे, लाट मशीनची आहे, मशीनची." त्यांच्या मागून गोऱ्या पोराची आई.

तिची माफी जावयांनी मागितली, मी मान खाली घातली. म्हटलं खलास, आता ही पोर जन्मात जवळ येत नाही.

तर तूबा माझ्या गळ्यात हात टाकून म्हणते, "नाना... अगेन."

झालं. त्या दिवशी जेवढे भोंगे झाले तेवढ्यांदा पळालो. दुसऱ्या दिवशीही तिथेच. बाकीचं शहर राहिलं ते राहिलंच, गुडघा अजून बोलतो. आणि आता इथे जो तो विचारतो, "चाचा, कॅनडाची लाट कशी होती?"

काय सांगू... मी तर सारा वेळ लाटेकडे पाठ करून पळत होतो. बघण्यासारखी होती, म्हणतात.