झेंडा उतरवा, फोटो काढायचाय

एस्किल : ...ते सगळं ठीक आहे, पण आधी तो झेंडा खाली घ्या. बरोबर इमारतीच्या मधोमध फडफडतोय.

तोवे : नाही जमायचं. आज आमच्या वृद्धाश्रमात एका आजींचा वाढदिवस आहे. आपल्याकडे वाढदिवसाला झेंडा चढवतात, नि तो सूर्य मावळल्याशिवाय उतरत नाही, तुम्हाला का मी सांगायला हवं?

एस्किल : अगं, ही इमारत नवी होती तेव्हा मी तिचा फोटो काढला. इथं झेंड्याची काठीसुद्धा नव्हती! नुसत्या पांढऱ्या भिंती आणि सरळ रेषा. तो फोटो बघून कुठकुठले वास्तुकार धावत आले इथं.

तोवे : आले नि गेले. राहतात ही म्हातारी माणसं. मी केकचं बघते. आस्ता, तुमच्या नवऱ्याला सांभाळा जरा.

आस्ता : जन्मभर दुसरं काय केलंय?

एस्किल : हस तू. आणि थोडी बाजूला हो, तुझी चाकाची खुर्ची चौकटीत येतेय.

आस्ता : नाही होणार.

एस्किल : आस्ता!

आस्ता : तुझ्या चौकटीतून बाजूला होण्यातच आयुष्य गेलं माझं. ऑर्हूस शहरातली ती शाळा आठवते? पुढं साधं झुडूपही नव्हतं. फोटोच्या कोपऱ्यात पानं दिसावीत म्हणून मी फांदी तोडून आणली आणि तुझ्या भिंगापुढे धरून उभी राहिले. मुंग्या चावत होत्या अंगभर.

एस्किल : पण एक पान हलू दिलं नाहीस. तो फोटो सगळ्या मासिकांत छापून आला.

आस्ता : तुझ्या नावानं. आणि त्या नव्या वसाहतीत दोरीवरचे कपडे काढायला सांग म्हणून मला पुढं केलंस. त्या बाईनं ओला टॉवेल फेकून मारला मला!

एस्किल : तिला नंतर फोटो पाठवला की मी.

आस्ता : घराचा! ती होती का त्यात?

एस्किल : माणूस आला की नजर माणसाकडे जाते. मग घर कोण बघणार?

आस्ता : घराला काय करायचंय रे कुणी बघून? खुबा मोडला, जिना चढवेना, म्हणून मी इथं आले. दोघांसाठी मोठी खोली देतात, तूही ये म्हणून कानीकपाळी ओरडले. तू आपला तिकडे एकटा बसून डब्यातले मासे खातोयस.

एस्किल : इथं कसा राहू? काय दशा केलीय बघ! फुलाफुलांचे पडदे, भिंतीला तो बेढब लाकडी कठडा, दारात मातीची बदकं...

आस्ता : कठडा नसता तर परत पडले असते मी. आणि बदकं माझी आहेत.

एस्किल : तुझी?

आस्ता : आपल्या घरात कुठं सोय होती? काही रंगीत दिसलं की तू माळ्यावर टाकायचास.

एस्किल : बरं, बदकं राहू देत. कॅमेरा थोडा डावीकडे घेतो. पण झेंडा नको गं. पुन्हा कुठलं मासिक बोलावणार मला? हा शेवटचाच फोटो म्हण. कुणाचा वाढदिवस आहे, सांग. मी जाऊन हात जोडतो, भली बाई असली तर ऐकेल.

आस्ता : नाही ऐकायची. फार हट्टी आहे.

एस्किल : ओळखतेस तिला?

आस्ता : तू लग्न केलंयस तिच्याशी.

(एस्किल कॅमेऱ्यावरचं काळं कापड काढून हातात धरतो.)

एस्किल : आज बावीस तारीख?

आस्ता : बावीस. ऐंशी पुरी झाली.

एस्किल : अरे देवा! पहाटेपासून ढग बघत होतो मी. भिंगं पुसली, गाडीत सामान भरलं...

आस्ता : ठाऊक आहे. ढग दिसले की तुला काही सुचत नाही.

एस्किल : आस्ता, मला घरात करमत नाही. सकाळी अजून दोघांची कॉफी करतो, आणि तुझा कप मोरीत ओततो.

आस्ता : मग कशाला छळतोस स्वतःला? दिवा मालवल्यावर मला तुला काहीबाही सांगायचं असतं, आणि बाजूला भिंत असते. मला तू हवायस रे. फुलांचे पडदे हवे तर काढून टाकू.

एस्किल : नको. असू देत.

तोवे : चला, केक आलाय! काय ठरलं झेंड्याचं?

एस्किल : उतरवलास तर बघ! तोवे, ती मोठी खोली कुठली गं?

तोवे : खालचीच, खाडीकडची. तुमच्या फोटोतलीच की. मी काय सांगू तुम्हाला?

एस्किल : एका दुपारी तासभर उभा होतो तिथं, सगळ्यांना बाहेर काढून. सकाळी तिथं कसं वाटतं, काय माहीत.

आस्ता : मलाही नाही माहीत. मी तुझ्यासाठी थांबले होते.