डिक्कीतलं खोकं

वूफर तुम्हीपण बसवले असतील, पन माझ्यासारखं फसलं नसंल कोनी. गाडी अप्पांची, म्हंजे माझ्या वडलांची, आन् त्यांना गाण्याचा दणदणाट बिलकुल खपायचा न्हाई. म्हणून मी जुन्या जालन्यातल्या बाबूराव सुताराला गाठलं.

"डिक्कीच्या तळाला लाकडी खोकं करा, वर ताटलीएवढं गोल भोक ठेवा. वरून गालिचा टाका. कशाला ते इचारू नका, आन् अप्पांना सांगू नका."

खोकं असं बेमालूम झालं की मलाच दिसंना. वूफर बसवला, गाणं लावलं, तं फाटक्या ढोलकीवानी नुसती फडफड! वायरी बदलल्या, अ‍ॅम्प्लिफायर बदलला, वूफरपण बदलला. फडफड तीच. डोकं चालंना. अप्पा परतूरला गेल्ते, तेव्हा बाबूरावला घरी बोलावलं. वूफर काढून आत हात घातला, तं चारी बाजूंनी बारीक भोकं! वूफरचं खोकं तं हवाबंद लागतं.

"बाबूराव, इथून सगळी हवा जाऊन राह्यली ना!"

"मंग? हवा न्हाई लागली तं ज्वारीला कीड लागंल."

"कोनती ज्वारी?"

आता बाबूराव गोंधळला. "मंग वरचं भोक कशाला? धान्य टाकायलाच ना?"

तेवढ्यात मागून अप्पा. कधी आल्ते, कळलंच न्हाई. आत डोकावले, आन् आयुष्यात पहिल्यांदा माझी पाठ थोपटली. "बियाणं न्यायला केलंस? बरं केलं. आन् हे काय?"

हे म्हणजे वूफर. बाबूरावनं तो उचलला, भोकावर ठेवून पाह्यला आन् म्हणला, "झाकन असंल, अप्पा. बराबर बसून राह्यलं."

गाडी विकली तोवर माझा वूफर ज्वारीवर झाकन होता.